सिगरेट सुटली, फरसाण सुटत नाही. व्यसन म्हणायचं की निव्वळ हावरटपणा?

लोकलकर
नमस्कार मंडळी. धागा काढताना जरा लाजच वाटते आहे, पण मग टोपणनावाचा उपयोग तरी काय.

वय ४७, राहतो डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. २०१४ च्या गुढीपाडव्याला सिगरेट सोडली. रोजच्या बारा-चौदा होत्या. पहिले तीन आठवडे ऑफिसात दिसेल त्याच्यावर खेकसलो, चौथ्यात सुटली ती सुटलीच. आजतागायत एक झुरका नाही. तेव्हा मनोनिग्रह नाही असं निदान माझ्याबद्दल कोणी म्हणू नये.

आता दुसरी बाजू. गाडीतून उतरेपर्यंत साडेआठ होतात. स्टेशनबाहेर एक फरसाणवाला आहे. पाव किलो मिक्स घेतो, 'घरात असावं, कोणी आलं-गेलं तर'. कोणी येत नाही. जेवणं होतात, आई झोपते, बायको नि मुलगी आत जातात आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहून डब्यात हात घालतो. एक मूठ म्हणून सुरू होतं. शेवटी बुडाशी चुरा आणि तळलेला कढीपत्ता राहतो, तोही बोटाला चिकटवून चिकटवून संपवतो. मग डबा धुऊन पालथा घालतो, सकाळी कोणाला कळू नये म्हणून. पोट भरलेलं असतं हो! रात्री जळजळ, सकाळी पश्चात्ताप, संध्याकाळी पुन्हा तोच फरसाणवाला.

शुगर काठावर आहे. बायको म्हणते, मनावर घेत नाहीस, दुसरं काही नाही. मग सिगरेटच्या वेळी मनावर घेणारा तो कोण होता? खाण्याचं खरंच व्यसन लागतं का, की हे सगळं नव्या जमान्याचं लाडाचं नाव?

टवाळ_कार्टं
बाकी सगळं ठीक. दुकान कुठलं?

गिरगावकर_अण्णा
लाडाचं नाव. दुसरं काही नाही. ठाकुरद्वारच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. दिवाळीचा चिवडा आई पत्र्याच्या डब्यात भरून कुलूप लावून ठेवायची आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायची. कोणाला व्यसन लागल्याचं ऐकिवात नाही. आता घरोघरी फ्रीज, खिशात पैसा, आणि वर डॉक्टर सांगणार की बाबा तुझा दोष नाही, तुझ्या मेंदूचा दोष आहे. मेंदू काय शेजाऱ्याचा आहे?

तेजू_माहीम
अण्णा, डब्याला कुलूप होतं ना? मग निग्रह तुमचा की कुलपाचा? :)

गिरगावकर_अण्णा
किल्ली देवघरात समईखाली असते हे नऊच्या नऊ जणांना ठाऊक होतं.

तेजू_माहीम
घ्या! षटकार. तरी मी माघार घेत नाही. देवघरापर्यंत जायचं, समई उचलायची, आवाज न करता कुलूप उघडायचं, एवढा खटाटोप मध्ये होता. लोकलकरांच्या मध्ये काय आहे? डब्याचं झाकण.

वाचक_क्र_१
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (विषयाला धरून आहे.)

निशिगंध
पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, म्हणून थोडं लांबण लावते.

'फूड ॲडिक्शन' हा शब्द नव्या जमान्याचा नाही, १९५६ मध्ये थेरॉन रँडॉल्फ नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तो वापरला होता. पण अधिकृत यादीत तो आजही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची आजारांची यादी आहे, २०१३ च्या तिच्या आवृत्तीत (डीएसएम-५) दारू, तंबाखू, अफू वगैरे आहेत, जुगार आहे, अन्न नाही. जुगार तरी तोवर व्यसनांच्या घरात कुठे होता? त्याला वेगळ्या खोलीत ठेवला होता, त्या वर्षी आत घेतला. म्हणजे यादीत नाही यावरून काहीच ठरत नाही.

२००९ मध्ये येल विद्यापीठात ॲशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली. नशेसाठी जे निकष लावतात तेच खाण्याला लावून पाहायचे: ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का, सोडायचे प्रयत्न फसतात का, त्रास होतो हे कळूनही चालूच राहतं का, वगैरे. लोकलकरांच्या पोस्टमध्येच तीन-चार उत्तरं आहेत. पण प्रश्नावलीत बसलं म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही, आणि यावर आमच्या क्षेत्रात जोरदार भांडणं आहेत. काहींचं म्हणणं, अन्न हा पदार्थ नशेचा नव्हे, 'खाणं' ही कृती सवयीची होते. म्हणजे फरसाणाचं व्यसन नाही, डब्यात हात घालण्याचं आहे.

'मनोनिग्रह' हे उत्तर मात्र मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. ते निदानही नाही आणि औषधही नाही.

एक_दिवस_एका_वेळी
मी जरा कडवट बोलणार आहे, राग मानू नका.

अकरा वर्षं झाली मी प्यायलेलो नाही. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. दारू थांबवल्यावर तिसऱ्या रात्री मला भिंतीवरून मुंग्यांची रांग जाताना दिसत होती आणि मी ती चादरीने पुसत होतो. मुंग्या नव्हत्या. हाताला कंप एवढा की चहाची बशी धरता येईना. बायकोचं मंगळसूत्र विकून झालं होतं. त्याला व्यसन म्हणतात. फरसाण बंद केलं तर कोणाला मुंग्या दिसत नाहीत, कोणी मंगळसूत्र विकत नाही. तोच शब्द दोन्हीकडे लावला की आमच्यासारख्यांचं जे आहे ते हलकं होतं.

राधिका_प
@एक_दिवस, तुमचं म्हणणं समजलं. तरी माझंही ऐका.

मंगळसूत्र नाही विकलं. पण हॉस्टेलला असताना रूममेटचं खाऊन टाकायचे आणि तिला कळायच्या आत खाली धावत जाऊन तोच पुडा आणून जागेवर ठेवायचे, तेवढाच भरलेला. कधी कधी तोही वाटेत संपायचा, मग पुन्हा खाली. एका रात्री तीनदा उतरलेय मी. लिफ्टमनला सांगायचे, औषध आणायला चाललेय. भूक नसायची. चवही लागत नसायची शेवटी शेवटी. फक्त संपवायचं असायचं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं.

सात वर्षांनी एका बाईंनी नाव सांगितलं, बिंज इटिंग डिसऑर्डर. तोवर घरातले 'अधाशी' म्हणत होते. अधाशी हे नाव पुरेसं होतं त्यांना. मला नव्हतं.

एक_दिवस_एका_वेळी
राधिकाताई, मघाचे शब्द मागे घेत नाही, पण तुमच्या पोस्टला लावतही नाही. पुडा परत जागेवर ठेवणं... मी बाटलीत पाणी भरून ठेवायचो.

निशिगंध
राधिका, लिहिलंस हे फार बरं केलंस. इतरांसाठी: हे निदान मात्र यादीत आहे, तेही २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, ताबा सुटून खाणं. भरभर, पोट दुखेपर्यंत, भूक नसताना, लाजेपायी एकट्याने, नंतर स्वतःची किळस. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. लोकलकर, दिवा न लावता खाणं आणि डबा पालथा घालणं मी नोंदवून ठेवलं आहे. घाबरवत नाही, पण एकदा कोणाशी तरी बोला.

चवीचा_धंदा
वीस वर्षं पाकीटबंद स्नॅक्सच्या कारखान्यांत काढली. आता सल्लागार आहे. आतल्या गोष्टी सांगतो, मग कोणाला दोष द्यायचा तो द्या.

तळून झाल्यावर माल एका फिरत्या पिंपात जातो आणि मसाला वरून भुरभुरला जातो. आत नाही, वर. कारण जिभेला पहिला स्पर्श पृष्ठभागाचा होतो. मीठ जितकं बारीक तितकं पटकन विरघळतं, तितका पहिला झटका जोरात. मग आवाज. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्सने लोकांना हेडफोन लावून चिप्स खायला दिले आणि कुरकुर मोठी करून ऐकवली, तर तेच चिप्स जास्त ताजे वाटले. त्या कामाला पुढे गमतीचं इग नोबेलही मिळालं. आम्ही मात्र ते गमतीने घेतलं नाही.

आणि एक. १९८५ मध्ये फिलिप मॉरिस या सिगरेट कंपनीने जनरल फूड्स विकत घेतली, १९८८ मध्ये क्राफ्ट. आर. जे. रेनॉल्ड्सने नॅबिस्को घेतली तीही १९८५ मध्येच. म्हणजे एके काळी अमेरिकेत सिगरेट आणि बिस्किट एकाच मालकाची होती. लोकलकर, तुमच्या दोन सवयी तुम्हाला वाटतात तेवढ्या परक्या नाहीत.

सुलू_पार्ला
पण त्यांचं फरसाण स्टेशनबाहेरच्या दुकानातलं आहे. बेसन, तेल, मीठ, ओवा. त्यात कुठली प्रयोगशाळा आली? आमच्याकडे पार्ल्यात बिस्किटाचा कारखाना २०१६ मध्ये बंद होईपर्यंत अख्ख्या पूर्वेला तो भाजका गोड वास यायचा. वासावर आम्ही मोठे झालो, व्यसन नाही लागलं.

चवीचा_धंदा
बरोबर पकडलंत. तूप-साखर, तेल-मीठ-पीठ हे जोडकाम हलवायाला आमच्या आधीपासून माहीत आहे. निसर्गात असं एकत्र सहसा मिळत नाही: फळात साखर असते पण तेल नाही, दाण्यात तेल असतं पण साखर फारशी नाही. आम्ही फक्त ते स्वस्त केलं, टिकाऊ केलं, आणि प्रत्येक पाकीट हुबेहूब सारखं केलं.

मंदार_ठाणे
अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत केविन हॉलने केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. वीस माणसं रुग्णालयात ठेवली. दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात बरीच प्रक्रिया केलेलं, दोन आठवडे साधं अन्न. वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू जवळपास सारखेच, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. माणसं तीच. त्यांचा निग्रह महिन्याच्या मध्यावर बदलला होता का?

गिरगावकर_अण्णा
अमेरिकन माणसांवरून ठाकुरद्वारचे निष्कर्ष काढू नका.

टवाळ_कार्टं
अण्णा, लालबागच्या चिवडा गल्लीत वीस माणसं सोडून बघू. एकही परत येणार नाही.

जयू_लालबाग
इथे राहते. रोज त्या गल्लीतून जाते-येते. कढईतून पोह्यांचा घमेलाभर चिवडा परातीत पडताना बघितला की तोंडाला पाणी सुटतं, पण घरी आणवत नाही. वास नाकात बसलाय तो बसलाय. मिठाईच्या दुकानातल्या पोऱ्याला पेढा नको होतो ना, तसं.

वैशू_कांदिवली
विषय थोडा वेगळा, पण लिहावंसं वाटतंय. आमच्या कोकणात आजी एखाद्या खादाड पोराला म्हणायची, 'ह्याला भस्म्या झालाय'. खाल्लेलं सगळं भस्म होतं आणि भूक तशीच. आम्ही हसायचो.

माझ्या भाच्याला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे. पंधराव्या गुणसूत्रातली गडबड. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. बाळपणी मान धरत नव्हता, दूध ओढत नव्हता, वाटीचमच्याने वाढवला. तीन-चार वर्षांचा झाला आणि उलटं सुरू झालं. आज चौदा वर्षांचा आहे. बहिणीच्या फ्रीजला कडी-कुलूप, कचऱ्याचा डबासुद्धा बाल्कनीत कुलपात. एकदा त्याने थंडगार न शिजवलेली कणीक खाल्ली. बघायला आलेल्या बाई म्हणाल्या, 'जरा वळण लावा त्याला'. बहीण काही बोलली नाही, त्यांना चहा करून दिला.

तेव्हा अण्णा, भूक ही गोष्ट शरीरातून ठरते याचा एक टोकाचा नमुना मी रोज बघते. बाकीचे आपण सगळे त्या टोकापासून कमी-जास्त अंतरावर असू, असं मला वाटतं.

गिरगावकर_अण्णा
वैशू, तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग. मी 'लाड' म्हटलं ते या पोराबद्दल नव्हतं.

तेजू_माहीम
लोकलकर, एक प्रश्न. दुपारच्या डब्यानंतर थेट रात्रीच खाता का?

लोकलकर
हो, विसरलोच सांगायला. जानेवारीपासून सोळा-आठवाला उपास चालू केलाय, सोळा तास उपाशी आणि खाणं उरलेल्या आठ तासांत. एकला डबा, मग पाण्याशिवाय काही नाही. खरं तर रात्रीचं जेवणही नऊच्या आत व्हायला हवं, पण गाडीमुळे नऊ-सव्वानऊ होतात. निग्रह बघा कसा आहे माझा!

तेजू_माहीम
सापडलं!!

निशिगंध
तेजू, शंभर टक्के नाही, पण बरंचसं.

साखरेचं व्यसन लागतं म्हणून ज्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांचा सगळे दाखला देतात ना, त्यांची गोष्ट कोणी पुरती सांगत नाही. त्यांना रोज बारा तास उपाशी ठेवायचे आणि मग साखरेचं पाणी नि खाद्य द्यायचे. तेव्हा ते तुटून पडायचे. ज्यांच्यापुढे साखर दिवसभर होती त्यांच्यात तसं झालं नाही. नुसती साखर नव्हे, उपास आणि मग साखर.

माणसांवरचं उदाहरण त्याहून विलक्षण आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली, स्वप्नात जेवायला लागली. प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट भरल्याचं कळेचना, खातच राहिले. त्यांना आधी कसलंही व्यसन नव्हतं. निग्रही होती म्हणून तर आली होती.

पांडुरंगाची_मावशी
म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी याला शास्त्राधार आहे म्हणायचा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट किती घालता हो तुम्ही सगळ्या?

सुलू_पार्ला
निम्मं. ओलसर साबुदाणा, जिरं, हिरवी मिरची, वर लिंबू. कोथिंबीर आमच्याकडे उपासाला चालते.

जयू_लालबाग
आमच्याकडे चालत नाही. आणि निम्मं कूट म्हणजे खिचडी की लाडू?

मंदार_ठाणे
कोथिंबिरीचा वेगळा धागा काढा, हात जोडतो.

अनघा_मुलुंड
नणंदेचं सांगते. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे भूक कमी करणारं इंजेक्शन भारतात आलं, त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे सुरू केलं. वजन उतरलं ते जाऊ दे. ती म्हणाली, 'डोक्यातला रेडिओ बंद झाला गं.' तिला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात दिवसभर चालू असतं: फ्रीजमध्ये श्रीखंड आहे, अर्धी वाटी उरलंय, कोणी खाल्लं का, आता खाऊ की रात्री. चाळीस वर्षं तिने त्या रेडिओशी झगडून दिवस काढले आणि आम्ही तिला 'खाण्यावर ताबा नाही' म्हणालो. उलट आमच्यापेक्षा दसपट ताबा तिचाच होता. आमचा रेडिओ मुळात एवढा मोठ्याने वाजतच नव्हता.

गिरगावकर_अण्णा
हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

निशिगंध
फार नेमकं सांगितलं नणंदेने. फक्त जोड देते: औषध थांबवलं की बहुतेकांचा रेडिओ आणि वजन दोन्ही परत येतात. आणि कोणी मित्राचं बघून स्वतःच इंजेक्शन घेऊ नका.

बोरिवली_स्लो
पण लोकलकरांच्या मूळ प्रश्नाचं काय? सिगरेट सुटली, फरसाण का नाही? मला वाटतं सोपं आहे. सिगरेट शून्यावर आणता येते. जेवण शून्यावर आणता येत नाही.

एक_दिवस_एका_वेळी
जेवण नाही, पण फरसाण येतं की शून्यावर. फरसाण न खाल्ल्याने कोणी मेलेलं नाही. मी लग्नात दारूच्या टेबलाजवळ उभा राहत नाही. पाणीसुद्धा तिथलं घेत नाही. लोकलकर, सिगरेट सोडलीत तेव्हा पाकीट 'आल्या-गेल्यासाठी' घरात ठेवलं होतंत का?

लोकलकर
(९ दिवसांनी)
उशिरा येतोय, माफी.

@एक_दिवस, तुमच्या त्या प्रश्नाने चपराक बसली. नव्हतं ठेवलं. पानवाला लागू नये म्हणून महिनाभर रस्ता बदलला होता. हे मी साफ विसरून गेलो होतो, लक्षात फक्त 'माझा निग्रह' राहिला.

सोळा-आठ बंद केलं. सोबत दुसरा डबा नेतो, पावणेसहाला टेबलावर दोन पोळ्या नि उसळ खातो आणि मगच निघतो. डोंबिवलीला कल्याणच्या बाजूच्या पुलाने उतरतो, चालणं सात मिनिटं वाढतं. नऊ रात्रींपैकी सहा रात्री काही नाही. दोनदा मुलीच्या खाऊतलं थोडं. आणि गेल्या शुक्रवारी पूर्ण पाव किलो. त्या दिवशी पोळी-उसळ खाल्ली होती, ऑफिसात कटकट नव्हती, उपास नव्हता, पुलाची बाजूही तीच. पाय आपोआप वळले. तेव्हा उंदीर, उपास, कुलूप, सगळं लावून पाहिलं तरी तो शुक्रवार माझ्या हिशेबात बसत नाही.

निशिगंध, पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे.

शनिवारी सकाळी बायकोला सगळं सांगितलं, दिव्यासकट. ती पोहे परतत होती. म्हणाली, 'आपल्या घरात रोज रात्री एकच डबा धुतला जातो आणि तो तू धुतोस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दुसरं भांडं कधी विसळलंयस?'

राधिका_प
:) :) बुधवारचं कळवा.

गिरगावकर_अण्णा
शुक्रवारचं मनाला लावून घेऊ नका. एक कबुली देतो. समईखालची किल्ली मी वयाच्या दहाव्या वर्षी दोनदा उचलली होती. आईला कळलं होतं, बोलली नाही.

टवाळ_कार्टं
अण्णा!!! आणि लोकलकर, दुकान?

लोकलकर
पूर्वेला. यापुढे एक अक्षर सांगणार नाही.